मत्स्यतळ्यातील धातू आणि जाळ्याची वजने

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मत्स्यशेतीविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्या बीजापासून आरंभ करावा आणि खत, खाद्य, उत्पादन असा क्रम लावीत जावे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. त्या विषयांवर या वर्गात आपण पुष्कळ ऐकलेले आहे. मी आज ज्याविषयी बोलणार आहे ती बाब अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत ‘किरकोळ साहित्य’ या नावाखाली दडलेली असते. टाकीचा पत्रा, नळाची तोटी, जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या, शाळेतील काचपेटीत पाणवनस्पती बुडून राहावी म्हणून गुंडाळलेली धातूची पट्टी, या त्या वस्तू होत. या किरकोळ साहित्याने मासे मरतात, आणि मरतात तेव्हा दोष बहुधा दुसऱ्याच कोणाच्या माथी येतो.

असा दोष मी स्वतः एकाच्या माथी मारला आहे. तो प्रसंग आधी सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी कोकणातील एका तालुक्यात विस्तार अधिकारी होतो. एका ग्रामपंचायतीने आपले तळे मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिले होते. मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून संध्याकाळी येऊन पोहोचले. पाऊस कोसळत होता आणि तळ्याकडे जाणारी वाट वाहून गेली होती. पंचायतीच्या आवारात जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची कोरी करकरीत टाकी होती. जांभ्यातल्या विहिरीचे स्वच्छ पाणी तिच्यात भरले आणि बीज रात्रीपुरते तिथे सोडले. सकाळी टाकीचा पृष्ठभाग पांढऱ्या पोटांनी झाकून गेला होता.

मी पंचनामा केला आणि त्यात ‘बीज मुळातच अशक्त व सदोष’ असे लिहिले. त्या शेऱ्यामुळे बीज पुरविणाऱ्या वृद्ध गृहस्थांचे पैसे अडकले. ते कार्यालयात आले आणि एवढेच म्हणाले, “साहेब, त्याच खेपेचं उरलेलं बीज माझ्या हौदात अजून पोहतंय. एकदा येऊन बघा.” मी गेलो नाही. दोन वर्षांनी त्याच टाकीत निम्मे बीज आणि शेजारच्या जुन्या सिमेंटच्या हौदात निम्मे बीज ठेवण्याचा योग आला. टाकीतले मेले, हौदातले जगले. तेव्हा माझे डोळे उघडले. पंचनामा चुकीचा होता असे पत्र मी वरिष्ठांना लिहिले खरे, परंतु तोवर त्या गृहस्थांनी बीजउत्पादन बंद करून हौद बुजवून टाकला होता.

माशाला धातू का बाधतो हे समजून घ्यावयाचे असेल तर प्रथम त्याचा कल्ला पाहिला पाहिजे. आपल्या शरीरावर त्वचेचे जाड कवच आहे. माशाच्या कल्ल्यात मात्र रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये अत्यंत पातळ पेशीपटल तेवढे असते. प्राणवायू मिळविण्यासाठी मासा त्या पटलावरून दिवसरात्र पाणी वाहवीत असतो. याच पटलातून गोड्या पाण्यातील मासा सोडियम आणि कॅल्शियम हे क्षार पाण्यातून खेचून घेतो. तांबे तेथे सोडियमची वाट अडविते, जस्त आणि शिसे कॅल्शियमची वाट अडवितात. मात्रा अधिक असेल तर कल्ल्यावर चिकट स्राव साचतो, मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की पाण्यात प्राणवायू कमी पडला. येथे एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्राणवायूची टंचाई बहुधा पहाटेस जाणवते आणि ऊन चढल्यावर किंवा पाणी खळबळविल्यावर कमी होते. धातूची बाधा पाणी कितीही खळबळविले तरी हटत नाही.

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. “साहेब, हे पाणी तर आम्ही पितो,” असे उत्तर मला असंख्य वेळा मिळाले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेने २०१२ साली सुधारलेले जे मानक आहे, त्यात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि अन्य स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जस्ताची हीच दोन अंगे अनुक्रमे ५ आणि १५ मिलिग्रॅम आहेत. आता जलचरांचा निकष पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाण्याच्या काठिण्यावर आधारलेले जे निकष ठरविले होते त्यांनुसार, काठिण्य लिटरला १०० मिलिग्रॅम असताना अल्पकाळापुरतीही तांब्याची मात्रा सुमारे ०.०१३ आणि जस्ताची सुमारे ०.१२ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे आपल्या पिण्याच्या पाण्यात तांब्याची जेवढी मुभा आहे, ती या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक आहे. आपले यकृत जादा तांबे निपटून टाकते. माशाला हा प्रश्न यकृतापर्यंत जाण्याआधी कल्ल्यातच भेडसावतो. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी आपण आरोग्यदायी मानतो. ज्या गुणामुळे त्यातील जंतू मरतात, तोच गुण माशाच्या पिलाला घातक ठरतो.

मी काठिण्याचा उल्लेख केला. या विषयाचे अर्धे मर्म त्यात आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो आणि नाके मुरडतो. धातूंच्या बाबतीत मात्र हे जड पाणी माशाचा कैवारी आहे. त्यातील कॅल्शियम कल्ल्यावरील जागा आधीच अडवून बसते आणि त्यातील कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवते. काळ्या पाषाणाच्या पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. कोकणातील जांभ्याचे पाणी हलके आणि किंचित आम्ल असते. पावसाचे पाणी तर सर्वांत हलके. म्हणूनच देशावर जी पत्र्याची टाकी वर्षानुवर्षे निर्धोक ठरली, तीच कोकणात एका रात्रीत घात करते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात नुसते पावसाचे पाणी साठविले असेल तर ते तळे जिल्ह्याच्या नकाशावर देशावरचे असले तरी पाण्याच्या गुणाने कोकणातले समजावे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून असे कागद अंथरलेले तळे गावोगावी दिसू लागले आहे आणि त्यात मासे सोडण्याचा उत्साहही वाढला आहे. त्यामुळे ही गोष्ट मी जोर देऊन सांगतो. मातीच्या जुन्या तलावात गाळ आणि कुजलेला पालापाचोळा धातूचा पुष्कळसा अंश शोषून घेतो. कागदाच्या तळ्यात तो आधार नाही, आणि काचपेटीत तर मुळीच नाही.

पाण्याचे आकारमानही पाहिले पाहिजे. शाळेच्या काचपेटीत ६० लिटर पाणी असते असे धरा. वर सांगितलेली तांब्याची मर्यादा गाठण्यास त्यात ०.८ मिलिग्रॅमहून कमी तांबे विरघळले की पुरे. ग्रॅमच्या हजाराव्या भागापेक्षाही हे कमी झाले. दोन हजार घनमीटरच्या शेततळ्यात त्याच मर्यादेला २६ ग्रॅम तांबे लागेल. तेव्हा मोठ्या तळ्यात पंपाचा पितळी फूट व्हॉल्व्ह बुडालेला आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु काचपेटीत तांब्याच्या तारेने लाकूड बांधणे, शोभेसाठी पितळी कासव ठेवणे, किंवा मुलांनी कौतुकाने जुनी तांब्याची नाणी टाकणे या गोष्टी निश्चितपणे वर्ज्य होत. कोळंबी आणि गोगलगाय यांना तर तांबे माशापेक्षाही लवकर बाधते.

शेततळ्याला खरा धोका आहे तो मोरचुदाचा. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारले जाते. फवारणीचा पंप धुवावयाचा तर शेततळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही! मोरचुदाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा शुद्ध तांबे असतो. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद तळ्यात मुद्दाम टाकण्याचीही रीत आहे. पाण्याची अल्कता मोजल्याखेरीज ते कधीही टाकू नये, आणि अल्कता लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे त्याचे नावही काढू नये.

धातूंची पारख

आपल्या आजीला हे शास्त्र अक्षरशः ठाऊक नव्हते, परंतु व्यवहारात ती पक्की होती. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे तिला शिकवावे लागले नाही. कळकणे म्हणजे आंबट पदार्थाने तांब्याजस्ताचा अंश ओढून घेणे. मत्स्यतळ्याच्या पाण्यालाही, ते आम्लतेकडे झुकले की, धातू कळकविण्याची हीच शक्ती येते. तेव्हा तांबे, पितळ, कासे, जस्त आणि जस्ताचा मुलामा यांना लहान पाण्यापासून दूर ठेवावे. पिवळसर किंवा चकचकीत झाक असलेले नटबोल्ट हे साधे लोखंड नव्हे; त्यावर जस्त असते.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, आणि जर्मनच्या पातेल्यातून बीज थोडा वेळ नेले म्हणून काही बिघडत नाही. पाणी चांगलेच आम्ल झाले तर मात्र तेही कल्ल्याला घातक ठरते. न गंजणाऱ्या पोलादामध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेला जो प्रकार ३०४ या क्रमांकाने ओळखला जातो, तो गोड्या पाण्यात उत्तम टिकतो, कारण त्याच्या पृष्ठावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे अदृश्य कवच तयार होते आणि म्हणूनच व्यवहारात आपण त्याला स्टेनलेस म्हणतो. खाऱ्या पाण्यातील क्षार ते कवच जागोजाग फोडतात. म्हणून खाडीलगतच्या तळ्यांसाठी मॉलिब्डेनम मिसळलेला ३१६ क्रमांकाचा प्रकार घ्यावा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो आणि ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ असे सांगतो. ही परीक्षा अपुरी आहे. हलक्या प्रतीचे काही पोलादही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर क्रमांक लिहून घ्यावा.

साध्या लोखंडाला लोक उगाच भितात. हवा मिळणाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात गंजाचा तांबडा थर दिसावयास कुरूप असला तरी माशाला विशेष त्रास देत नाही. नव्या बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेले लोह असते, तेवढ्याची काळजी घ्यावी. असे पाणी थेट न सोडता उंचावरून पाडून, लोह खाली बसल्यावर वापरावे. एरवी ते कल्ल्यावरच बसते.

जाळ्याची वजने

शिसे जाळ्याला का लावतात? ते जड आहे, स्वस्त मिळते आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे घरच्या चुलीवर ते ओतता येते. हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. भंगारातील बॅटरीचे शिसे आणून, परसात वितळवून, मातीच्या साच्यात गोळ्या पाडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याची राख अंगणात पडते, बाळ त्या अंगणात रांगते. मुलांच्या रक्तातील शिशाची निर्धोक अशी पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. गोळी जाळ्यावर सैल झाली तर ती दातांनी चावून घट्ट करण्याची सवय तर सर्रास आढळते. मासा राहू द्या, प्रथम माणसाचाच विचार करा.

जड व अल्कधर्मी पाण्यात शिशावर कार्बोनेटचा राखाडी थर चढतो आणि ते फारसे विरघळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हलक्या, आम्ल पाण्यात ते संरक्षण राहत नाही. शिसे हळूहळू साचते. प्रयोगांत ट्राऊट माशांचे शेपटाकडील अंग काळे पडून पाठीचा कणा वाकडा झालेला आढळला आहे. याखेरीज तुटून तळाशी पडलेल्या गोळीचा प्रश्न उरतो. बदकासारखे पक्षी दाणे दळण्यासाठी खडे गिळतात. पेषणीत खड्याबरोबर शिशाची गोळी गेली की ती दळली जाऊन रक्तात उतरते. इंग्लंडमध्ये गळाच्या लहान शिशांमुळे हंस मरू लागले, तेव्हा ०.०६ ग्रॅमहून जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री १९८७ पासून बंद करण्यात आली. आपल्या भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात बदके उतरतात, आणि गोंदियात सारस पक्षी आजही वावरतो. त्या तलावांत शेकडो फेकजाळी पडतात, हे पंचायतींनी ध्यानात घ्यावे.

शिशाऐवजी काय, या प्रश्नाचे उत्तर तराजूवर नव्हे, पाण्याखाली शोधावयाचे असते. शिक्षकांना आर्किमिडीजचे तत्त्व शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. एक किलो शिसे पाण्यात बुडविले तर त्याचे वजन सुमारे ९१२ ग्रॅम भरते. एक किलो लोखंड ८७३ ग्रॅम, घट्ट काळा पाषाण सुमारे ६५५, सिमेंट काँक्रीट ५८३ आणि भाजलेली माती सुमारे ५०० ग्रॅम भरते. यावरून असे दिसते की एक किलो शिशाचे काम करण्यास लोखंड केवळ १ किलो ४५ ग्रॅम लागते. पाषाण सुमारे १ किलो ४०० ग्रॅम, काँक्रीट १ किलो ५६० ग्रॅम आणि माती १ किलो ८२० ग्रॅम लागेल. ‘लोखंड हलके पडते’ ही तक्रार या हिशेबाने टिकत नाही.

तरीही प्रत्येक जाळ्याला एकच उपाय चालणार नाही. फेकजाळे, ज्याला कोकणात पाग म्हणतात, ते झपकन बुडाले पाहिजे. दगड आकाराने मोठा असल्याने पाणी त्याला अडविते. तेथे मुलामा नसलेल्या काळ्या लोखंडाची बारीक साखळी योग्य होय. ती गंजून नायलॉनचा धागा झिजवू शकते. म्हणून जाळे वापरल्यावर स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवावे आणि कडेचा दोर वेगळा, बदलता येईल असा ठेवावा. ओढजाळ्याला मात्र भाजलेल्या मातीचे मणी अतिशय चांगले. गावच्या कुंभाराला ते सहज करता येतात आणि त्यालाही चार पैसे मिळतात. एका जागी लावून ठेवावयाच्या जाळ्यांना आणि तळ्यातील पिंजऱ्यांना पाषाण किंवा काँक्रीटचे ठोकळे लावावेत. काँक्रीट नवे असताना चुन्यामुळे पाण्याची अल्कता भलतीच वाढविते. दोनतीन आठवडे पाणी बदलीत भिजवून मगच ते वापरावे. लहान हौदात ही खबरदारी विशेष घ्यावी.

काचपेटीतील वनस्पतीभोवतीची पट्टी कागदावर घासून पाहा. राखाडी रेघ उमटली आणि पट्टी नखाने दबली तर ती शिशाची समजून काढून टाका. गुळगुळीत पाषाणाचा खडा आणि सुती दोरा एवढ्यावर काम भागते. दगड निवडताना त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकावेत. फसफसला तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराचा आहे आणि पाण्याचे काठिण्य वाढवील. जुन्या, कोनांच्या चौकटीच्या पेट्यांत काच बसविण्याच्या लुकणात शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड मिसळलेले असे. अशी पेटी दान मिळाली तर तीत मासे न ठेवता तिचा उपयोग रोपांसाठी करावा. सिलिकोनने जोडलेली पेटी घ्यावी आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

एखादी वस्तू निर्धोक आहे की नाही हे ठरविण्यास प्रयोगशाळा प्रत्येक गावात नाही. दोन प्लास्टिकच्या बादल्या आहेत. दोहोंत तुमच्याच तळ्याचे पाणी भरा, एकीत ती वस्तू एक दिवस भिजत ठेवा आणि मग दोहोंत पाचपाच बोटुकल्या सोडून चार दिवस पाहा. एका बादलीतील बोटुकल्या वर येऊन धापा टाकू लागल्या की त्या ताबडतोब बाहेर काढा. उत्तर मिळालेले असते. मात्र चार दिवस जगल्या म्हणजे वस्तू सर्वस्वी निर्दोष ठरली असे नाही. मोठा मासा जेथे जगतो तेथे अंडी व पिले मरू शकतात, आणि शिशासारखा धातू चार दिवसांत आपले रूप दाखवीत नाही. ही परीक्षा नापास करण्यास उपयोगी आहे, उत्तीर्ण करण्यास अपुरी आहे.

व्याख्यानानंतर एका सरपंच भगिनींनी विचारले की, जुन्या जाळ्यांतून काढलेल्या शिशाचे करावयाचे काय. भंगारवाल्याला दिले तर तो ते पुन्हा चुलीवरच नेणार. प्रश्न रास्त आहे. गावातील सर्व जाळ्यांच्या गोळ्या संस्थेने एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गोळा कराव्यात, वजनाची नोंद ठेवावी, आणि जुन्या बॅटऱ्यांचे शिसे घेणाऱ्या परवानाधारक पुनर्चक्रण केंद्राकडे एकदमच पाठवाव्यात. शिशाला भाव येतो. त्या पैशात लोखंडी साखळीच्या खर्चाचा काही भाग निघतो, हे ठरावात लिहून ठेवले तर सभासद गोळ्या काढून देण्यास का-कू करीत नाहीत. गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि हे काम मुलांना सांगू नये.